चालकाची जागा रिकामी आहे

१४ जुलै, सोमवार

परळ, लालबाग, दादर आणि भायखळ्याच्या पगारी ड्रायव्हरांनो, तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. गाडी नीट चालली तर गाडी चांगली, आणि गाडी ठोकली तर ड्रायव्हर नालायक. तीस वर्षं हे मी डेपोच्या फाटकावर उभं राहून सांगत आलो. आता फाटक नाही, माईक नाही, संघटनेच्या खोलीला कुलूप लागलंय, म्हणून ही वही. माया म्हणाली, बरं झालं, वहीला मधेच उठून जाता येत नाही. बायको अशी आहे.

पण आजचा दिवस तक्रारीचा नाही. संपात पुढे होतो म्हणून चौदा महिने मला कोणी दारात उभं केलं नव्हतं. आज गौतम तांबे पुन्हा स्टीअरिंगवर बसला. लालबागचा 'वैभव शिखर' टॉवर, अडतीस मजले. मालक हितेंद्र पेडणेकर. काम सोपं आहे. त्यांच्या आई अंबिकाबाई, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी गिरगावात डायलिसिसला न्यायचं आणि आणायचं. बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत माझी परीक्षा घेतली. काय वाचतोस, कुठपर्यंत शिकलास, घरात पुस्तकं किती. दोन ट्रंका म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. तेव्हापासून मी 'गौतमराव' झालो. मुलगा मात्र 'गौतम' म्हणतो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे.

गाडी विजेवरची, कोरी करकरीत, आवाज नाही. चहूबाजूंनी कॅमेरे. पुढे काही आलं तर स्वतः ब्रेक मारते, रस्त्यावरच्या पट्ट्या बघून स्टीअरिंग स्वतः वळवते. मधल्या पडद्यावर आजूबाजूची वाहनं आणि माणसं राखाडी चित्रांसारखी दिसतात. आणखी एक कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत असतो, डोळा लागला की ओरडायला. पेडणेकर साहेब म्हणाले की ही जवळजवळ स्वतःच चालते, तू फक्त बसायचं. मग मला बाईंना सोबत म्हणून ठेवलंत का, असं मी विचारलं. त्यांना विनोद कळला नाही. बाईंना कळला.

गाडी ठेवायची जागा बघून तर मी लहान मुलासारखा मान वर करून उभा राहिलो. इमारतीच्या मागे लोखंडी पार्किंग टॉवर आहे. गाडी एका प्लेटवर चढवायची, उतरायचं, शटर खाली येतं, आणि बटण दाबलं की प्लेट गाडीसकट वर जाऊन आपल्या खणात बसते. बटण दाबणारा लवू कुडाळचा आहे. म्हणाला, तुझी गाडी चौदाव्यार रवता, सायबापेक्षा उंच.

१६ जुलै, बुधवार

पहिली फेरी छान झाली. लालबागहून पुलाखालून भायखळा, तिथून लॅमिंग्टन रोड, गिरगाव. बाई वाटभर बोलत होत्या. बावीस वर्षं गिरगावच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि आता आठवड्यातून तीनदा त्याच गल्लीत रक्त धुवायला जाते, म्हणजे शाळा काही सुटली नाही, असं म्हणाल्या. चार तास सुई असते. मी खाली वाचत बसतो.

एक गंमत. भायखळ्याला रस्ता खोदून पुन्हा केलाय, पण जुन्या पट्ट्या पुसलेल्या नाहीत. गाडी जुन्या पट्टीला चिकटायला बघते आणि स्टीअरिंग हातातून ओढून घेते. मी माझ्या बाजूला ओढतो, ती तिच्या. युनियन आणि मॅनेजमेंटसारखं चाललं होतं. बाई मागून म्हणाल्या की तुम्ही जिंकलात, गौतमराव.

लॉबीत ड्रायव्हरांनी बसू नये अशी पाटी आहे. इंग्रजीतही आहे, मराठीतही आहे. मराठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. बाईंना दाखवल्या. त्यांनी पेन्सिल मागितली.

१८ जुलै, शुक्रवार

आज गाडीने विनाकारण ब्रेक मारला.

सकाळी सव्वासात. लालबागच्या पुलाखाली तिसऱ्या खांबापाशी, रस्ता रिकामा, वेग तीसच्या आसपास. एकदम चारही चाकं जखडली. बाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागून येणारा टेम्पो वीतभर अंतरावर थांबला, त्याच्या ड्रायव्हरने माझ्या आईबापांची चौकशी केली. मी पडद्याकडे पाहिलं. खांबाशी एक राखाडी आकृती होती, बसलेली. काचेतून पाहिलं. तिथे ओला सिमेंटचा कट्टा, दुसरं काही नाही. दोन सेकंदांनी आकृती गेली आणि गाडी पुढे निघाली.

दुपारी गाडी चालू केली तेव्हा नीट लक्ष दिलं. पडद्यावर दर वेळी दोन शब्द येतात आणि जातात. आजवर मी वाचलेच नव्हते. 'नमस्कार, भिवा.'

आधीचा ड्रायव्हर. गावी निघून गेला, असं साहेबांनी सांगितलं होतं.

२१ जुलै, सोमवार

गाडी दर आठवड्याला साहेबांच्या फोनवर अहवाल पाठवते, हे आज कळलं. त्यात लिहिलं होतं की शुक्रवारी चालकाने अकारण जोरात ब्रेक मारला. चालकाचं नाव भिवा. साहेब म्हणाले, नाव अपडेटमध्ये बदलेल, पण आईला लागलं त्याचं काय. मी सांगितलं की माझा पाय ब्रेकवर नव्हता. त्यांनी फोनचा पडदा माझ्याकडे फिरवला, जणू तिसरा माणूस साक्षीला उभा आहे.

संध्याकाळी लवूला धरलं. आधी म्हणाला, माका काय विचारू नको, माझी पोरगी शिकताहा. मग तंबाखू मळता मळता सगळं बोलला. भिवा गावी गेलेला नाही. चौदा मे रोजी सकाळी याच गाडीखाली पुलाच्या तिसऱ्या खांबाशी बसणारी फूलवाली सापडली. राधा नाव. टोपलीसकट गेली. बाई तेव्हा हॉस्पिटलात भरती होत्या, गाडीत भिवा एकटाच. भिवा म्हणतो, मी ब्रेक दाबला होता. गाडी म्हणते, चालकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि पुढे कोणी नव्हतं. पंचनामा झाला, कंपनीने गाडी तपासून निर्दोष ठरवली, अपडेट घातलं, गाडी परत आली. भिवा जामिनावर आहे.

तिसरा खांब. मी लवूला आकृतीबद्दल काही बोललो नाही. कॅमेऱ्यावर पाणी असेल, सेन्सर बिघडला असेल. यंत्र बिघडतं. त्याला भूत म्हणणं हा यंत्र बनवणाऱ्याला सोडून देण्याचा सोपा मार्ग आहे, हे मी शंभर सभांत सांगितलंय.

२३ जुलै, बुधवार

भायखळ्याला भिवाच्या खोलीवर गेलो. जयभीम म्हटलं. त्याने हात जोडले, उठला नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तेहतीस वर्षांत एक चलान नाही. खाटेवर बसून होता, आणि त्याचा उजवा पाय सारखा जमीन दाबत होता. त्याच्या सुनेने, दीपिकाने, सांगितलं की झोपेतही दाबतात, चादर फाटली.

भिवाने तो पाय हाताने दाबून धरला. म्हणाला की तुझ्यासारखं मला बोलता येत नाही, तांबे. मी कोर्टात एवढंच सांगणार की पाय ब्रेकवर होता. पुढे विचारतील, पुरावा काय. मग मी काय सांगू, पाय कापून देऊ?

अकरा ऑगस्टला तारीख आहे. त्याच्या वकील मेघना साळवी फोनवर भेटल्या. त्यांचं म्हणणं असं की कंपनीचा अहवाल त्या दिवशी कोर्टापुढे येईल, आणि त्याच्या विरुद्ध आपल्याकडे भिवाच्या शब्दाशिवाय काही नाही. त्याच गाडीचा बिघाड कोणी तारीखवार, वेळेसकट लिहून ठेवलेला असेल तर सगळं चित्र बदलेल. नाहीतर भिवाचं म्हातारपण तुरुंगात जाईल.

माया म्हणाली, उद्याच नोकरी सोडा. मी म्हणालो, अकरा तारखेपर्यंत नाही. गाडी तिची नोंद ठेवते, मी माझी ठेवेन. ती म्हणाली, तुम्हाला सभा मिळाली वाटतं. तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

२५ जुलै, शुक्रवार

७.१६. तिसरा खांब. मी आधीच वेग दहावर आणला होता. गाडी थांबली. आकृती बसलेली. आज नीट पाहिली. तिच्याशेजारी आणखी एक लहान गोल आकार आहे. पडद्याचा फोटो काढला. फोटोत पडदा नुसता पांढरा आलाय.

बाईंनी विचारलं, इथे काय आहे. मी सांगितलं, खड्डा. त्या म्हणाल्या की तुम्हाला खोटं बोलण्याची सवय नाही, गौतमराव, सराव करा. मग मी सगळं सांगितलं. उतरताना म्हणाल्या, राधाकडून मी दर गुरुवारी शेवंती घ्यायचे. हितेंद्रने मला सांगितलं, ती दुसरीकडे बसते.

२८ जुलै, सोमवार

घरी आल्याबरोबर लिहितो, कारण हेच लिहायला मी या नोकरीत थांबलोय.

सकाळी ७.३४, भायखळा, मासळीबाजाराच्या वळणावर. समोर बर्फाच्या लाद्या नेणारी हातगाडी. ओढणारा एकटा, डोक्याला टॉवेल, सात-आठ हातांवर. पडदा साफ होता. रस्ता होता, कडेची वाहनं होती. हातगाडी नव्हती, माणूस नव्हता. त्याच क्षणी गाडी आपोआप पुढे सुटली. मी ॲक्सिलरेटरला शिवलो नव्हतो. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, तो दगडासारखा घट्ट. मी गाडी डाव्या फुटपाथवर घातली. टायर फुटला, गाडी थांबली. आरसा हातगाडीवाल्याच्या शर्टाला घासला.

त्याने येऊन काचेवर हात आपटला. मी काच खाली केली तर म्हणाला, झोप काढायची तर घरी काढ ना काका, माझ्या बर्फावर कशाला. मग माझा चेहरा बघून त्याने बर्फाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. विकास नाव. असा माणूस.

बाई मागे बसून पडदा बघत होत्या. त्यांनीही तेच पाहिलं. माणूस समोर, आणि पडद्यावर कोणी नाही.

३० जुलै, बुधवार

अहवाल आला. 'पुढे अडथळा नाही. चालकाने वेग वाढवला.' चालक: भिवा.

मेघनाताई फोनवर म्हणाल्या, हेच वाक्य मे महिन्याच्या अहवालात होतं. शब्द न शब्द.

साहेब म्हणाले की आईला यात ओढू नकोस, तिची तब्येत बघ. सर्व्हिस सेंटरला नेऊन आण, आणि बाहेर कुठे बोलू नकोस.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सर्व्हिस सेंटरमधला शंतनु नावाचा इंजिनियर चांगला मुलगा निघाला. आधी म्हणाला, काका, सगळं हिरवं दाखवतंय. मी खाली बसलो आणि म्हणालो की मला घाई नाही. तासाभराने त्याने मला आत बोलावलं आणि दार लावलं.

गाडी ज्याला माणूस समजते त्याच्याभोवती चौकट काढते आणि त्या चौकटीवर वेळ टाकते. अठरा जुलैच्या आणि पंचवीस जुलैच्या चौकटी त्याने दाखवल्या. चित्रात रिकामा कट्टा, त्यावर चौकट. आणि चौकटीवरची वेळ अठरा जुलैची नाही, पंचवीसची नाही. चौदा मे, सकाळी सात बावीस.

म्हणजे गाडीला ती बाई दिसली. दोन महिने उशिरा.

शंतनु म्हणाला, घड्याळाचा दोष असेल. मग म्हणाला, अशा गाड्या आणखीही येतायत. मग म्हणाला, माझं नाव घेऊ नका. मी वहीत घेतलंय. माफ कर, पोरा. नाव नसलेला साक्षीदार म्हणजे साक्षीदारच नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

७.३३. मासळीबाजाराचं वळण. गाडी थांबली. रस्ता रिकामा.

पडद्यावर हातगाडी. तिच्यापुढे वाकलेला माणूस.

बाईंना सोडून परत आलो आणि बर्फाच्या डेपोत विचारलं. विकास शनिवारी गेला. याच बाजारात, दुसऱ्याच कुणाच्या नव्या गाडीने त्याला भिंतीशी दाबलं. ड्रायव्हर चौकीत बसून रडत होता, म्हणत होता की पाय ब्रेकवर होता.

योगायोग. मी योगायोग मानतो, त्यापलीकडे काही मानत नाही. तीस वर्षं लोकांच्या हातातले गंडे सोडवले मी. पण मांडणी करून बघितली तर अशी येते — जो तिला दिसत नाही तो जातो, आणि गेल्यावर तिला दिसतो.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी गाडीत बसलो. बेल्ट लावला. पडद्यावर 'नमस्कार' आलं नाही.

दुसरंच आलं. 'चालकाची जागा रिकामी आहे.'

मी हाताने तोंडापुढचा कॅमेरा पुसला. चष्मा काढला. सीटवर जोरात बसलो, उठलो, पुन्हा बसलो. शेजारच्या जागेवर बाईंची पिशवी होती, ती दिसत होती. मागे बाई दिसत होत्या, बेल्टसकट. माझी जागा मोकळी.

गाडी तरीही चालली. मीच चालवली. मी चालवत होतो.

बाईंनी मागून पडदा वाचला. नंतर गिरगाव येईपर्यंत त्या मला सारखं काहीबाही विचारत राहिल्या, मायाचं माहेर कुठलं, चहात आलं घालता का. मी उत्तर देतोय ना, एवढंच बघत होत्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बाईंना टॅक्सीने नेलं. या गाडीत तुम्हाला बसवणार नाही असं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. परतताना माझ्याकडून वही मागून घेतली आणि सुई टोचलेल्या हाताने लिहिलं. इथेच, खाली:

'२८ जुलै रोजी मी या गाडीत मागे बसले होते. समोर माणूस होता. पडद्यावर नव्हता. गाडी आपण होऊन पुढे गेली. चालकाने ब्रेक दाबल्याचे मी डोळ्यांनी पाहिले. — अंबिका पेडणेकर'

वही परत देताना म्हणाल्या, अक्षर खराब आलं, दोन मार्क कापा.

साहेबांनी ऐकलं असावं. उद्याच ते दुसऱ्या गाडीने बाईंना बहिणीकडे पुण्याला नेतायत, पंधरा दिवस. म्हणजे सोमवारी कोर्टात बाई नाहीत. ही वही आहे.

मेघनाताई फोनवर म्हणाल्या, सोन्यासारखी सांभाळा. आणि जमलं तर तो 'जागा रिकामी' असा पडदा, शेजारी तुम्ही बसलेले, असा एक फोटो काढा. दुसऱ्या कुणाच्या फोनने.

मी राजीनामा लिहिलाय. रविवारी किल्ली देतो आणि सुटतो.

९ ऑगस्ट, शनिवार

माया म्हणाली, किल्ली वॉचमनकडे फेका आणि या. फोटो नको.

ती दोनदा एकच गोष्ट सांगत नाही. आज दोनदा सांगितली.

१० ऑगस्ट, रविवार. दुपारी २.२०

गाडीत आहे. लिहून ठेवतो, म्हणजे डोकं जागेवर राहील.

दोन वाजता मायाचा फोन घेऊन आलो. बाहेर रस्त्यावर गणपतीचं आगमन, तीन पथकं, ढोलांनी काचा थरथरतायत. लवू बघायला गेलेला. त्याच्या जागी एजन्सीचा राजेश. त्याने गाडी खाली आणून दिली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. लवू बटण दाबण्याआधी डिक्कीवर तीन थापा मारतो, आत कोण हा काय असं ओरडतो. रहिवाशांना आवाजाचा त्रास होतो म्हणून सोसायटीने ते गेल्या आठवड्यात बंद केलं. आता गाडी स्वतः टॉवरला कळवते की आत कोणी नाही. हिरवा दिवा लागतो आणि बटणाशिवायच टॉवर सुरू होतो.

मी सीटवर बसलो, फोन वर धरला. पडद्यावर वाक्य होतं. फोटो काढला.

शटर खाली आलं.

प्लेट हलली. पहिले दोन सेकंद प्लेट जमिनीपासून हातभर वर होती. दार उघडून उडी मारता आली असती. मारली नाही. का ते मला आत्ता कळतंय. गाडी हलली की माझा पाय ब्रेकवर गेला. सगळं अंग ब्रेकवर गेलं. हात दाराकडे गेलाच नाही. लिफ्टमध्ये उभ्या गाडीचा ब्रेक कोण दाबतो? तीस वर्षं चालवलेला माणूस दाबतो. आणि तेहतीस वर्षं चालवलेला भिवा —

मेघनाताई, हे कोर्टात सांगा. शब्दशः.

२.५०

चौदावा खण. दार चार बोटं उघडतं, मग लोखंडी खांब. दोन्हीकडे तेच. काचा खाली होत नाहीत. वर हातभरावर पुढच्या प्लेटचं पोट. डिक्की उघडत नाही. समोर खण उघडा, चाकांपुढे प्लेटची दोन बोटं उंच कड, मग काही नाही. खाली काळोख.

फोनला रेंज नाही. हॉर्न दाबला. वाजला नाही.

ओरडलो. माझा आवाज पाच हजारांच्या सभेला बिनमाईकचा पुरायचा. ढोलांना पुरत नाही.

३.१५

बुटाने काच फोडायला बघतोय. फुटत नाही. घोटा सुजलाय.

राजेशला वाटत असेल मी किल्ली घेऊन गेलो. मायाला वाटत असेल मी गप्पा मारत बसलो. साहेब बुधवारपर्यंत पुण्यात. तोवर गाडी कोणी मागणार नाही. तारीख उद्या आहे.

गरम होतंय. पडद्यावर तेच वाक्य. मी त्याला मोठ्याने उत्तर दिलं. आहे, मी आहे, गौतम तांबे, राहणार परळ —

३.४०

विचार केला. मला इथून काढायला दोन दिवस लागले तरी चालतील. भिवाला उद्या अकरा वाजताच वही पाहिजे. दाराच्या फटीतून ती खाली टाकता येईल. चौदा मजले, पण कागदाला काय होणार.

टाकली की माझं बोलणं संपलं. एवढंच जड जातंय.

३.५८

गाडी चालू झाली. मी केली नाही.

दिवे लागले. समोर उघडा खण, त्यापलीकडे पोकळी, समोरच्या भिंतीचा गंज. पडद्यावर सरळ रस्ता काढलाय, दोन पांढऱ्या पट्ट्यांसकट. 'पुढे मार्ग मोकळा.'

पाय ब्रेकवर आहे.

४.०३

चाक कडेला टेकलं. दाबतंय. मागे येतं, पुन्हा दाबतं. पाय ब्रेकवर. दोन्ही पाय. हँडब्रेक ओढलाय. वही स्टीअरिंगवर ठेवून लिहितो. लिहा — चार वाजून तीन मिनिटं, दोन्ही पाय —

४.०७

पडदा बदलला. वाक्य गेलं.

चालकाच्या जागेवर राखाडी माणूस बसलाय. हातात काहीतरी चौकोनी.

म्हणजे आता मी तिला दिस —

नाही. योगायोग. कड वाकतेय.

बंधूंनो. ज्यांना ही वही सापडेल त्यांनी आधी मला शोधू नका. वर बघू नका. उद्या अकराच्या आत कोर्टात जा आणि ही मेघना साळवींच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि सांगा की त्याचा पाय शेवटपर्यंत ब्रे